शिवेपलीकडचं बटण

विमानाचं तिकीट रद्द करायचं असेल तर माणसानं गावाच्या शिवेबाहेर जाऊन उभं राहावं, असं कुठल्याही विमान कंपनीच्या नियमांत लिहिलेलं नाही. मी ते नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आहेत. फक्त वाचले ते सगळं होऊन गेल्यावर. सबंध नोकरीभर मी मुलांना सांगत आलो, बाळांनो, प्रश्न शेवटपर्यंत वाचा आणि मग पेन उचला. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी आमच्या पडवीत पोरं जमतात, त्यांनाही हेच सांगतो. आता सांगताना आवाज जरा खाली येतो, इतकंच.

गोष्ट आरोहीपासून सुरू होते. आरोही माझी नात, बेंगळूरला दुसरीत शिकते. तिच्या शाळेत दरवर्षी एक कार्यक्रम असतो, त्यात प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या भाषेत काहीतरी सांगायचं. मागच्या वर्षी आरोही स्टेजवर गेली, समोरची माणसं बघितली, माइकला नमस्कार केला आणि खाली उतरली. तेव्हापासून घरी पाहुणे आले तरी पोर आतल्या खोलीत जाऊन बसते, असं माझ्या मुलीनं, तेजस्वीनं, फोनवर सांगितलं. मी म्हटलं, ते माझ्याकडं सोपव.

रोज संध्याकाळी पडवीतली शाळा सुटली की मी आरोहीला फोनवर गोष्ट शिकवू लागलो. गोष्ट माझीच, घरची. चंद्री नावाची एक म्हैस तळ्यात जाऊन झोपते. मालक हाक मारतो, मालकीण हाक मारते, पाटील येऊन हाक मारतो, पण चंद्री कान हलवत नाही. शेवटी एक लहान मुलगी तळ्याच्या काठावर उभी राहते आणि पोटातून ओरडते, "ए चंद्रे, ऊठ! घर वाट बघतंय!" की म्हैस उठलीच. आरोही सगळी गोष्ट झकास सांगायची. पण त्या शेवटच्या हाकेपाशी आली की आवाज एवढासा व्हायचा.

"एवढ्याशा हाकेनं म्हैस उठेल होय गं?" मी विचारायचो.

"आजोबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मी फक्त तुमच्याकडं बघून ओरडीन. तुम्ही नसला तर मी जाणारच नाही स्टेजवर."

आता यात दुसरा विचार करण्यासारखं काय होतं? कार्यक्रम शुक्रवारी दुपारी होता. मी आणि आमची मंडळी, रुक्माबाई, शुक्रवारी सकाळच्या विमानानं जायचं ठरलं. रात्रीच्या बसनंही जाता येतं, बेळगावची सगळी माणसं तशीच जातात. पण सांबऱ्याच्या विमानतळावरून विमान उडालं की आपल्या गावाची शेतं दिसतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. "बांधावरची आपली आंब्याची झाडं वरून कशी दिसत्यात ते बघायचं हाय मला," ती म्हणाली. बाईनं जन्मात माझ्याकडं फार काही मागितलेलं नाही. निदान मला ऐकू गेलेलं नाही.

तिकीट काढायला मी भावकूकडं गेलो. भावकू माझा जुना विद्यार्थी. शाळेत भागाकारात कच्चा होता. आता बेळगावच्या खडेबाजारात तिकिटांचं दुकान आहे आणि कमिशनचा भागाकार तोंडी करतो.

"गुरुजी, फ्लेक्सीच घ्या," तो म्हणाला. "थोडं जास्त पडतंय, पण बिनघोर. फ्लेक्सी म्हणजे कसं, रबरासारखं. वढा तिकडं जातंय, सोडा परत येतंय. रद्द केलासा तर पैसे परत."

"सगळे?"

"तीन दिस आधी केलं तर सगळे. आणि तिकीट मी आमच्या दाजींच्या खात्यावरनं काढतो, तिथं सूट बसतीया."

आमच्या भागात हे नवीन नाही. गॅस एकाच्या नावावर, मीटर दुसऱ्याच्या, ट्रॅक्टर मेहुण्याच्या आणि हप्ता चुलत्याच्या, असं करतच घरं उभी राहतात. तेव्हा आमचं तिकीट भावकूच्या निपाणीच्या दाजींच्या खात्यावरून निघालं, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी फक्त "रबरासारखं" एवढं लक्षात ठेवलं आणि घरी आलो.

सोमवारी संध्याकाळी देवळाचा लाऊडस्पीकर खरखरला. या लाऊडस्पीकरवरून आमच्याकडं लस, पाणीपट्टी, हरवलेली शेळी आणि कीर्तन हे सगळं एकाच आवाजात जाहीर होतं. त्याच आवाजात पंचांनी सांगितलं की लक्ष्मीची यात्रा ठरली, आणि उद्यापासून गावानं वार पाळायचे.

कंग्राळीच्या पलीकडं आमचं गाव आहे. आमच्याकडं ही यात्रा कितीतरी वर्षांनी एकदा येते, आणि येण्याआधी काही आठवडे गाव मंगळवार आणि शुक्रवार पाळतं. त्या दिवशी शेतात औत धरायचं नाही, दळण दळायचं नाही, पैशाचं देणंघेणं करायचं नाही, कामाशिवाय शीव ओलांडायची नाही. नोकरदारांना सूट आहे. हजेरी काय असते ते देवीलाही कळतं. पण वाराच्या दिवशी प्रत्येक घरातून नैवेद्य जायला हवा आणि घरची बाई घरात हवी.

"पहिल्या शुक्रवारचा मानाचा निवद आपल्या घरचा असतोय," रुक्माबाई म्हणाली. "मी न्हाय येत. तुम्ही जावा. पोरगी तुमची वाट बघाय लागलीया."

"आणि आंब्याची झाडं?"

"झाडं कुठं पळून जात्यात?" एवढं म्हणून ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच वाजली.

म्हणजे आता काम सोपं होतं. दोनांतलं एक तिकीट रद्द करायचं. मी भावकूला फोन लावला, तर तो खानापूरला लग्नात. त्यानं मंगळवारी सकाळी फोनवर एक दुवा पाठवला आणि बजावलं, "गुरुजी, आज दुपारच्या आत. न्हायतर पैसे कापून घेत्यात."

आज म्हणजे मंगळवार. म्हणजे वार.

मी चष्मा लावून बोट उचललं, तेवढ्यात शेजारचे नागोजी अण्णा कुंपणावरून वाकले. हे पंचांपैकी एक. "गुरुजी, काय करालायसा?"

मी सांगितलं.

"म्हणजे पैसे परत घ्यायचं काम."

"हो."

"म्हणजे घेणंच की." अण्णांनी डोळे मिटले. निवाडा देताना ते डोळे मिटतात. "वाराला देणंघेणं चालत न्हाय."

"अण्णा, हातात पैसा येत नाही. नुसतं बटण दाबायचं आहे."

"बोटाला काम पडतंय न्हवं?"

तेवढ्यात गुंडू आला. गुंडू एकदा विमानानं हैदराबादला जाऊन आला आहे, त्यामुळं आमच्या गल्लीत हवाई वाहतुकीवर शेवटचा शब्द त्याचा असतो. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि मार्ग काढला. नियम शिवेच्या आत आहे. गुरुजींनी शिवेबाहेर जाऊन बटण दाबावं. अण्णांनी पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाले, "ते चालंल."

मला त्या वेळी हा तोडगा फार शहाणपणाचा वाटला, हे मी इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

आमची शीव बेळगावच्या रस्त्यावर मोरीपाशी आहे. तिथं शेंदूर लावलेला दगड आहे. मी निघालो तेव्हा आम्ही तिघं होतो. दगडापाशी पोचेपर्यंत निम्मी गल्ली मागं होती, कारण वाराच्या दिवशी कुणालाच काम नसतं. मी एकटाच दगड ओलांडून पलीकडं गेलो. बाकीच्यांचं शिवेपलीकडं काही काम नव्हतं, म्हणून ते नियमानं दगडाच्या अलीकडं ओळीनं उभे राहिले. प्रार्थनेला मी मुलांना उभं करायचो तसे. फरक एवढाच की आता ते गप्प नव्हते.

"सावलीत धरा गुरुजी, दिसायचं न्हाय!"

"चष्मा पुसा आधी!"

"इंग्रजीत आलंय काय कानडीत?"

ऊन पडद्यावर असं पडत होतं की मला माझंच तोंड दिसत होतं. कसंबसं पान उघडलं. त्यावर दोन नावं होती, वर माझं, महादेव, आणि खाली रुक्माबाई. दोन्ही नावांपुढं चौकटी होत्या आणि दोन्ही चौकटींत बरोबरची खूण आधीपासूनच होती.

आता इथं मी थोडं थांबतो, कारण चूक कशी होते हे समजून घेणं मुलांइतकंच मोठ्यांनाही उपयोगाचं असतं. शिक्षकानं आयुष्यभर बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. आपल्या नावापुढं ती खूण दिसली की त्याला आतून बरं वाटतं. मला वाटलं, माझं तिकीट बरोबर आहे, एवढंच कंपनी कळवते आहे. मी रुक्माबाईच्या चौकटीवर बोट ठेवलं, तर खूण गेली.

"खूण गेली!" मी ओरडलो.

"परत आना!" गुंडू अलीकडून ओरडला. "खूण दिसलीच पायजे! मी हैदराबादला तसंच केलतं!"

"दाबा!" कुणीतरी म्हणालं. "नका दाबू!" दुसरं कुणीतरी म्हणालं. मी खूण परत आणली आणि खालचं मोठं बटण दाबलं. फोन क्षणभर विचारात पडला आणि मग म्हणाला की दोन्ही प्रवाशांची तिकिटं रद्द झाली आहेत, धन्यवाद.

मी ते मोठ्यानं वाचलं. दगडाच्या अलीकडं नागोजी अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "शिवेबाहेर गेलासा खरं, पण देवीचा हात लांब हाय बघा."

घरी आल्यावर रुक्माबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मग आरोहीचं काय?"

मी भावकूला फोन केला. "पैसे परत आलेत की गुरुजी," तो आनंदानं म्हणाला. "म्हटलं नव्हतं, रबर! फक्त ते क्रेडिटमध्ये आलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पैसे हायत, पण ते पैसे न्हवंत. त्यातनं पुन्हा विमानाचंच तिकीट निघतंय. दाजींच्या खात्यात पडलेत."

"मग काढ माझं एक शुक्रवारचं."

"ते दाजींनीच काढाय लागतंय. फोनवर त्ये व्हय व्हय म्हणत्यात आणि इसरत्यात. तुम्ही म्होरं जाऊन बसा."

रोख पैसे देऊन नवं तिकीट घ्यावं असंही मनात आलं, पण एका दिवसात भाव दुपटीच्या वर गेला होता. "एका माणसाला एवढं? विमान काय पाठीवर घेऊन जातंय?" रुक्माबाई म्हणाली. त्यामुळं बुधवारी सकाळी मी निपाणीच्या बसमध्ये बसलो.

भावकूचे दाजी म्हणजे नागेंद्र. निपाणीत त्यांचं खिळेमोळे, पत्रे आणि पाइपांचं दुकान आहे. माणूस अतिशय सज्जन, आणि हीच अडचण. आधी चहा, मग "घरला चला", मग भाकरी, पिठलं, ठेचा, त्यावर ताक. क्रेडिटचं नाव काढलं की म्हणायचे, "गुरुजी, पोटात काय न्हाय आणि हिशेब कसला?" हात धुऊन झाल्यावर त्यांनी फोन काढला, खातं उघडायला गेले आणि थबकले.

"खातं उघडायचा ओटीपीचा आकडा जुन्या नंबरावर जातोय. त्यो फोन मी आईला दिलाय."

"आई कुठं आहेत?"

"कागलला. आक्काकडं गेलीया."

कागल जवळच, पण राज्य दुसरं. सुदैवानं आकड्यांना सीमा नसते. नागेंद्रांनी बहिणीला फोन लावला, तिनं तो आईकडं दिला आणि स्वतः दळण आणायला गेली. आईंचा, म्हणजे जयाबाईंचा, आवाज खणखणीत होता. "व्हय, आलंय काय तर. सहा आकडे हायत. पण इंग्रजी. मला मराठीतलेच येत्यात बाबा, मी तिसरी शिकलीया."

नागेंद्रांनी कपाळाला हात लावला. मी मात्र फोन हातात घेतला. मला खोटं बोलता येत नाही. त्या क्षणी मला विमान, क्रेडिट, सगळं विसरायला झालं. शिकायला तयार असलेलं माणूस समोर आलं की माझं असंच होतं.

"जयाक्का, घाबरायचं नाही. पहिला आकडा कसा दिसतोय?"

"विळ्यासारखा. मूठ खाली."

"शाब्बास! तो सात. दुसरा?"

"बदक पाण्यात बसल्यागत."

"तो दोन. आता बदकाची मान कुठल्या बाजूला आहे ते नीट बघा, म्हणजे पुन्हा चुकणार नाही..."

"गुरुजी!" नागेंद्र म्हणाले. "आकडा मेला. नवीन मागवाय लागतोय."

नवीन मागवला. या वेळी आम्ही सहाही आकडे गाठले, पण खात्यानं चूक म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदाही चूक. मग माझ्या लक्षात आलं. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखा दिसतो, आणि जयाबाई तो अगदी विश्वासानं "एक" म्हणून वाचत होत्या. विद्यार्थ्यानं केलेल्या चुकीत जेव्हा तर्क असतो तेव्हा मला रागावता येत नाही. मी हा फरक समजावून सांगितला, त्यांनी तो लगेच उचलला, आणि म्हणाल्या, "आता इचारा कुठलाबी!" पण तोवर खातं बंद झालं होतं. बऱ्याच वेळा चूक झाल्यानं उद्या दुपारपर्यंत ते उघडणार नव्हतं.

"बाकी शिकवलासा मात्र झकास," नागेंद्र म्हणाले आणि जाताना एक गुळाची ढेप हातात दिली.

संध्याकाळी गावात पोचलो, तर पडवीपुढच्या अंगणात पोरांचा नवा खेळ रंगला होता. मातीत एक रेघ. एक पोरगा रेघेच्या पलीकडं डोळ्यांवर हात धरून उभा, बाकीचे अलीकडून ओरडतायत, "दाबा! नका दाबू! दाबा!" शेवटी त्यानं हवेत बोट दाबलं की सगळ्यांनी मिळून "दोन्ही गेली!" म्हणायचं, आणि तो बाद. खेळाचं नाव फ्लेक्सी होतं. मी चपला काढेपर्यंत सगळे पाढे म्हणायला बसले होते, आणि इतक्या एकाग्रतेनं म्हणत होते की मला काही विचारताच आलं नाही.

त्या दिवशी आरोहीचा फोन आला. तिनं गोष्ट म्हटली. हाकेपाशी आली आणि थांबली. "आजोबा, तुम्ही येणार ना?"

"येणार," मी म्हटलं. कसा, ते तिनं विचारलं नाही, हे बरं झालं.

गुरुवारी दुपारी खातं उघडलं. पण शुक्रवारच्या विमानात जागा उरली नव्हती. मी भावकूच्या दुकानात बसलो होतो. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रात्रीची बस हाय की. कायमच असतीया."

"हो," मी म्हटलं. "असते."

तर मी बसनं गेलो. मिळाली ती शेवटची जागा, वरची. खालच्या माणसाला घोरण्याचं अंग होतं, आणि तो प्रत्येक गतिरोधकावर सूर बदलायचा. गुळाची ढेप मी पोटाशी धरून ठेवली होती आणि डोळे सताड उघडे. उजाडलं तेव्हा बेंगळूर आलं होतं. स्टँडवर तेजस्वी घ्यायला आली होती. "बाबा, थोडं पडा," ती म्हणाली. मी म्हटलं, छे, मला झोप कसली.

दुपारी मी शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत मधोमध बसलो. धोतर-कोट-टोपी. पडद्याच्या फटीतून आरोहीनं मला बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला. मग कार्यक्रम सुरू झाला. एका मुलानं कन्नडमध्ये कविता म्हटली, एका मुलीनं तमिळमध्ये. डोक्यावर पंखा होता, खुर्ची मऊ होती, आणि मल्याळममधलं एक गाणं असं संथ होतं, की...

पुढचं मी तेजस्वीकडून ऐकलं आहे. आरोही स्टेजवर आली. मालकानं हाक मारली, मालकिणीनं मारली, पाटलानं मारली, तोवर सगळं ठीक. मग हाकेची वेळ आली. तिनं ठरल्याप्रमाणं पहिल्या रांगेकडं बघितलं. तिथं तिचे आजोबा मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, तळ्यातल्या चंद्रीसारखे गाढ झोपले होते.

माझ्यापुरतं एवढंच खरं, की कुठून तरी आभाळ फाटावं तसा आवाज आला.

"ए चंद्रे, ऊठ! घर वाट बघतंय!"

मी ताडकन उभा राहिलो. टोपी पडली. मला वाटलं बस थांबली आणि माझा स्टॉप आला. मी पायाखाली गुळाची ढेप शोधू लागलो. सगळा हॉल हसत होता. मराठी बाकी कुणालाच येत नव्हती, पण म्हैस उठल्याचं सगळ्यांना कळलं. आणि स्टेजवर माझी नात कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर ती एवढी माणसं, आणि तिच्या तोंडावर भीतीचा मागमूस नाही. टाळ्या वाजत राहिल्या. तिनं त्या शांतपणे संपू दिल्या आणि मग माझ्याकडं बोट दाखवून गोष्टीचं शेवटचं वाक्य म्हटलं, "आणि चंद्री घरी आली."

मी टोपी उचलून झटकली आणि खाली बसलो. माझ्या मानाचं काय झालं म्हणाल, तर मी त्याचा विचार अजून करतो आहे.

गावी परतलो तेव्हा रुक्माबाईनं गोष्ट तीनदा सांगायला लावली. हाकेपाशी आलो की तीच ओरडायची. आता यात्रेला तेजस्वी आणि आरोही इकडं यायच्या आहेत, आणि यात्रा झाली की आरोहीला सोडायला आम्ही दोघं विमानानं जाणार, दाजींच्या खात्यातल्या त्या पैसे नसलेल्या पैशांतून. या वेळी जयाबाईंनी कागलहून आकडा एका दमात वाचला, वर मला म्हणाल्या, "गुरुजी, अजून एक मागवा की. हात बसलाय तोवर."

दुकानात भावकूनं पडद्यावरून मान वर करून रुक्माबाईकडं बघितलं. "आक्का, तारीख पक्की? यात्रा पंचांनी म्होरं ढकलली तर? फ्लेक्सीच घेऊया, रबरासारखं..."

"रबर नको बाबा," रुक्माबाई म्हणाली. "साधं दे. घट्ट."

"आणि पंचांनी तारीख बदलली तर?"

"तर नागोजी अण्णांना दगडापलीकडं उभं करते," ती म्हणाली, "आणि बटण त्यांनाच दाबाय लावते."